कमाल तापमान: ०.०

२०१४ च्या मे महिन्यातली गोष्ट. रत्नागिरीजवळच्या एका मासे-प्रक्रिया कारखान्यात मी तापमान नोंदवणारी यंत्रणा बसवून दहा दिवस झाले होते. सकाळी साडेसातला तिथल्या ऑपरेटर काकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या कागदावर रोज शून्य कसा काय येतो? माझ्या काचेत या आठवड्यात पारा मायनस पंधराच्या वर गेलेला नाही. एकदा येऊन बघून जा."

एकटीनं अंगावर घेतलेलं माझं ते पहिलं मोठं काम. कोल्ड रूमच्या आत, दाराच्या वरच्या अंगाला एक सेन्सर. दर पाच मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८. रोज सकाळी सात वाजता एक कागद छापून यायचा: किमान तापमान, कमाल तापमान, सरासरी. खोली मायनस अठराला ठेवलेली. किमान बरोबर येत होतं, सरासरी बरोबर येत होती. कमालच्या रकान्यात मात्र ओळीनं नऊ दिवस ०.० छापलेलं.

मी पोचले तेव्हा कळलं की तो शून्य कुणालाच खोटा वाटला नव्हता. सुपरवायझरांनी त्याचा सरळ अर्थ लावला होता: रात्रपाळीची पोरं माल भरताना दार सताड उघडं टाकतात, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला बांधून ठेवतात, म्हणून दारापाशी हवा शून्यापर्यंत चढते. दोघांचा एकेक दिवसाचा पगार कापून झाला होता. त्यातला एक दाराशीच उभा होता, अंगात तो जाड निळा कोट, भुवयांवर दव. माझ्याकडे बघून काही बोलला नाही.

काकांनी मला त्यांची काच दाखवली. कोल्ड रूमच्या आत, दाराला लागूनच्या भिंतीवर यू आकाराचा कमाल-किमान थर्मामीटर टांगलेला होता. नळीत खाली पारा, आणि दोन्ही बाजूंना पाऱ्याच्या डोक्यावर टेकलेली केसाएवढी बारीक पोलादी काडी. तापमान चढलं की उजवीकडचा पारा काडीला वर ढकलतो. तापमान उतरलं की पारा खाली येतो, काडी मात्र जिथं पोचली तिथंच अडकून राहते. सकाळी येऊन काडीचं खालचं टोक कुठं आहे ते वाचायचं: आदल्या दिवसभरातलं ते कमाल तापमान. कँटरबरीच्या जेम्स सिक्स यांनी या थर्मामीटरचं वर्णन १७८२ साली प्रसिद्ध केलं. वीज नाही, बॅटरी नाही, आणि तरी दिवसभरातला सर्वांत मोठा आकडा शोधायचं काम ती काडी अचूक करते.

काकांनी रजिस्टरमध्ये −१६ लिहिलं, खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं, काचेवरून हलकेच खाली ओढत नेलं आणि काडी पाऱ्याच्या डोक्यावर आणून टेकवली.

मी विचारलं, "काडी नेहमी इथंच आणता?"

"मग कुठं आणणार? पारा आत्ता जिथं आहे तिथं. वर कुठं सोडली तर पारा तिच्यापर्यंत पोचणारच नाही. दिवसभर आपली तिथंच बसून राहील."

मला माझ्या प्रोग्रॅमची पहिली ओळ डोळ्यांसमोर दिसली. मी काडी शून्यावर सोडून दिली होती.

तो भाग असा होता (इथं मराठीतच लिहिते, भाषा कुठलीही घ्या):

मोठा = ०
नोंदींमधल्या प्रत्येक न साठी:
    जर न > मोठा:
        मोठा = न

न म्हणजे −१८.३, मग −१७.९, मग −१६.२. यातला एकही आकडा शून्यापेक्षा मोठा नाही. २८८ वेळा तुलना झाली, २८८ वेळा उत्तर "नाही" आलं, आणि दिवसाच्या शेवटी मोठा जसाच्या तसा शून्य. प्रोग्रॅम कुठंही अडखळला नाही, चूक झाल्याचा एक शब्द त्यानं दाखवला नाही. नोंदींत कुठंच नसलेला आकडा त्यानं नोंदींतला सर्वांत मोठा म्हणून छापला. किमान बरोबर यायचं तेही त्याच कारणानं: तिथंही मी शून्यापासून सुरुवात केली होती आणि प्रत्येक नोंद शून्याच्या खालीच होती. ते उत्तर बरोबर होतं, पण ती ओळ बरोबर नव्हती.

दुरुस्ती एका ओळीची:

मोठा = नोंदी[०]

प्रोग्रॅममध्ये यादीची मोजणी शून्यापासून होते, म्हणून नोंदी[०] म्हणजे पहिली नोंद. तीच आत्तापर्यंतचा मोठा, आणि दुसऱ्यापासून पुढे बघत जायचं. पारा जिथं आहे तिथं काडी.

हे शून्य माझ्या हाताला कुठून लागलं याचा मी पुढे बराच विचार केला. १९९९ साली चिपळूणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी टर्बो सी शिकले, आणि तिथं फळ्यावरचं उदाहरण होतं पाच विद्यार्थ्यांच्या गुणांचं. कुणाला ७२, कुणाला ४५, कुणाला ९१. सर्वांत जास्त गुण कुणाला? गुण कधी उणे नसतात, म्हणून तिथं शून्यापासून सुरुवात केली तरी उत्तर बरोबर येतं. मी ती ओळ पाठ केली. पण ती ज्या अटीवर उभी होती, ती अट फळ्यावर कुणी लिहिली नव्हती आणि मीही विचारली नाही. पंधरा वर्षांनी तीच ओळ मी कोल्ड रूममध्ये नेली.

चाचणी केली नव्हती असं नाही. घरी चार दिवस केली होती. सेन्सर स्वयंपाकघरात ठेवला, २९ ते ३३ च्या दरम्यान आकडे आले, कमाल बरोबर. मग फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवला, ४ ते ९, कमाल बरोबर. ज्या आकड्यांसाठी ही यंत्रणा बनवत होते, तसा एकही आकडा मी तिला चाचणीत दाखवला नव्हता. बर्फाच्या कप्प्यात एक रात्र ठेवला असता तरी कळलं असतं.

त्याच दिवशी मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, दाराची नाही, काकांचं रजिस्टर आणि माझ्या कच्च्या नोंदी शेजारी ठेवून बघा, असं सांगितलं. नऊच्या नऊ दिवसांचे आकडे जुळवून दाखवले. सर्वांत वाईट दिवशी −१५.१ होतं. दोघांचा पगार त्या महिन्यात परत मिळाला. मी दोघांना भेटून माफी मागितली. निळ्या कोटवाला एवढंच म्हणाला, "आम्ही पडदा सोडतो हो मॅडम." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

सुरुवात करायची आणखी एक रीत आहे, आणि तीही मी लहानपणापासून घरात बघत आले होते.

माझी आई प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. गावात तिला सगळे सिस्टर म्हणत. ताप बघायचा तिचा थर्मामीटर पाऱ्याचा. तोही कमालच शोधतो: फुग्याच्या वर नळीला एक बारीक चिमटा असतो, पारा त्यातून वर चढतो, पण आपणहून परत उतरत नाही. म्हणून आधीचा ताप झटकून खाली आणावा लागतो. "आधी झटक, मग बघ, मग लाव," हा तिचा क्रम आम्हा भावंडांना पाठ होता. झटकला नाही तर सकाळच्या पोराचा १०२ संध्याकाळच्या पोराला लागतो. प्रोग्रॅममध्ये कालचा मोठा पुसायला विसरलं की नेमकं हेच होतं.

पण झटकून ती पारा कुठं आणायची? ९५ फॅरनहाइटच्या खाली. म्हणजे ज्याच्या खाली माणसाचं अंग सहसा जात नाही असा एक आकडा आधीच धरलेला, आणि सुरुवात तिथून. आमच्यात याला उणे अनंतापासून सुरुवात म्हणता येईल: इतका लहान आकडा घ्यायचा की पहिली खरी नोंद त्याच्यावर हमखास मात करेल. चालतं. पण त्या थर्मामीटरवरच्या खुणाच ९५ पासून सुरू होतात, आणि थंडीत जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ त्याच्याही खाली गार पडू शकतं. तेव्हा काच काहीच सांगत नाही. आई अशा बाळाला थर्मामीटर लावण्याआधी हाताच्या मागच्या बाजूनं पोट आणि तळपाय चाचपायची. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय, दोन्ही गार असतील तर धोका. यंत्राची सुरुवात जिथून होते त्याच्या खालचं यंत्राला दिसत नाही, हे ती हातानं भरून काढत होती. "याच्या खाली काही जाणारच नाही" असं धरून मी कुठलाही आकडा लिहायला लागले की मला आईचा तो उलटा हात आठवतो.

त्या दुरुस्तीनंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज गेली, जनरेटर सुरू झाला, आणि दुसऱ्या सकाळी कागदावर आलं: कमाल तापमान ८५.०. मी वापरत होते तो सेन्सर डीएस१८बी२०. वीज परत आली की त्याच्या आत ८५ अंश हा आकडा आधीपासून बसलेला असतो. पहिलं मापन पूर्ण व्हायला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो, त्याआधी वाचलं तर तोच ८५ हातात येतो. आणि तार सुटली तर मी वापरत होते ती लायब्ररी, म्हणजे सेन्सर वाचायचा दुसऱ्यांनी लिहिलेला तयार प्रोग्रॅम, −१२७ देते. कमाल शोधणाऱ्याला −१२७ चा काही त्रास नाही, तो किमान बिघडवतो. ८५ एकटाच अख्खा दिवस खातो. २८७ नोंदी खऱ्या असल्या तरी कमाल काढताना एक खोटी पुरते. सरासरीत चुकीचा आकडा बाकीच्यांत थोडा तरी विरघळतो, कमालमध्ये तोच निवडून येतो.

तरीही ८५ चा मला तेवढा धसका नाही. मासे असलेल्या खोलीत ८५ अंश कुणीच खरं मानणार नाही, लगेच फोन येतो. शून्यावर मात्र नऊ दिवस सगळ्यांनी विश्वास ठेवला.

तो शून्य पुढे आणखी दोनदा भेटला. एकदा दुसऱ्या एका ठिकाणी, जिथं हिशेबाचे भाऊ सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये भरत. महिन्याच्या ओळीत दोन दिवसांचा कमाल शून्य. एका दिवशी सेन्सर बंद होता, रकाने रिकामे. एक्सेलचं मॅक्स हे फंक्शन दिलेल्या रकान्यांत एकही आकडा नसला तर शून्य देतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातानं प्रत्येक आकड्यापुढे "डिग्री" असं टाइप केलं होतं. त्यामुळे तो आकडा राहिला नाही, मजकूर झाला, आणि मॅक्सनं त्या सगळ्या रकान्यांकडे दुर्लक्ष केलं. रिकाम्या यादीतला सर्वांत मोठा आकडा कोणता, या प्रश्नाला खरं उत्तर "नाही" हेच. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं मॅक्स अशा वेळी सरळ चूक दाखवून थांबतं, डेटाबेसची भाषा एसक्यूएल नल, म्हणजे "काहीच नाही", देतं, जावास्क्रिप्ट ही भाषा उणे अनंत देतं. मला पायथॉनचं थांबणं सर्वांत प्रामाणिक वाटतं.

दुसरी वेळ २०१९ ची. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीनं जावामध्ये तोच भाग नव्यानं लिहिला. शून्यापासून सुरू करायचं नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं डबल या प्रकाराची मिन व्हॅल्यू घेतली, दशांश आकड्यांतला सर्वांत लहान म्हणून. नाव वाचून कुणालाही तसंच वाटेल, कारण पूर्णांकांची मिन व्हॅल्यू खरोखरच सर्वांत खालची असते: −२१४७४८३६४८. दशांशांची मात्र तशी नाही. ती म्हणजे शून्याहून मोठा असा सर्वांत छोटा आकडा: दशांश चिन्हापुढे ३२३ शून्यं आणि मग ४९. धन आकडा. मायनस अठरा त्याच्यापेक्षा मोठा कसा होणार? आणि कागदावर एकच दशांश स्थळ छापत असल्यानं तो दिसतो कसा? ०.०. तो कागद हातात घेतला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. या वेळी चाचणीतच सापडला, कारण आमच्या चाचणीच्या यादीत सगळे आकडे उणे असलेला दिवस कायमचा आहे.

पहिल्या नोंदीपासून सुरुवात करा हेही पुरतं बरोबर नाही, हे मला त्यानंतर कळलं. सर्व्हरवरच्या पायथॉन प्रोग्रॅममध्ये तुटलेल्या नोंदीसाठी आम्ही नॅन, म्हणजे "आकडा नाही" ही खूण ठेवत होतो. नॅनची कशाशीही लहान-मोठी तुलना केली तरी उत्तर "नाही" येतं. नॅन यादीच्या मधे असेल तर काही बिघडत नाही, तो मोठ्याला हरवू शकत नाही. पण तोच जर पहिला असेल तर त्याला कुणीच हरवू शकत नाही, आणि दिवसाचा कमाल नॅन. त्याच २८८ नोंदी, फक्त क्रम वेगळा, आणि उत्तर वेगळं. म्हणून आता आमच्याकडे सुरुवात होते ती पहिल्या खऱ्या नोंदीपासून. आधी ८५, −१२७ आणि नॅन बाजूला काढायचे, उरलेल्यांतला पहिला घ्यायचा, आणि काहीच उरलं नाही तर कागदावर "नोंद नाही" असं अक्षरांत छापायचं.

या चार ओळींवर किती खोल विचार झालेला आहे हे मला उशिरा समजलं. डोनाल्ड क्नूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या पहिल्या खंडात (१९६८) एखाद्या प्रोग्रॅमचं बारीक विश्लेषण कसं करावं हे दाखवायला हेच उदाहरण घेतलंय. तुलना किती होणार हे सोपं आहे: २८८ आकडे असतील तर २८७, कमी करताच येत नाहीत. गावच्या क्रिकेटच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत १६ संघ असले तर १५ सामने लागतात, कारण विजेता सोडून प्रत्येकाला एकदा तरी हरावं लागतं; तसंच हे. क्नूथ यांचा प्रश्न वेगळा आहे: मोठा बदलतो किती वेळा? आकडे सगळे वेगळे आणि पत्ते पिसल्यासारखे कसेही आलेले असतील तर दुसरा आकडा नवा मोठा ठरायची शक्यता निम्मी, तिसऱ्याची तिसरा हिस्सा, शंभराव्याची शंभरावा हिस्सा. २८८ पर्यंतचे हे सगळे हिस्से मिळवले तर बेरीज सव्वापाचच्या आत येते. म्हणजे अख्ख्या दिवसात काडी सरासरी पाचेक वेळाच सरकायला हवी!

कोल्ड रूमचं तापमान अर्थातच पिसलेलं नसतं. पण हे वाचलं त्या रात्री मी जुने दिवस काढून काडी किती वेळा सरकली ते मोजत बसले. कॉम्प्रेसर बंद पडतो तेव्हा तापमान हळूहळू, न थांबता चढतं, आणि दर पाच मिनिटांनी नवा मोठा सापडत जातो: दोन तासांत २४ वेळा. दार उघडल्यावर तसं होत नाही, एक उडी आणि मग उतार. आता डिफ्रॉस्टची, म्हणजे यंत्रावर साचलेला बर्फ वितळवायची, वेळ सोडून सलग सहा नोंदींत मोठा बदलत राहिला की ऑपरेटरचा फोन वाजतो. कमाल आकडा अजून मर्यादेच्या आत असतानाच वाजतो, आणि माल वाचतो.

एक शेवटची गोष्ट, न > मोठा यातल्या चिन्हाची. पहाटे ३:१० ते ३:५० तापमान −१४.५ वर टेकून राहिलं, तर कमालची वेळ कोणती? "पेक्षा मोठा" लिहिलं तर ३:१० येते, "मोठा किंवा तेवढाच" लिहिलं तर ३:५०. पाळी साडेतीनला बदलत असेल तर त्या एका चिन्हावरून कागद वेगळ्या माणसाकडे बोट दाखवतो. आम्ही आता दोन्ही वेळा छापतो. दोन माणसांचा एका दिवसाचा पगार एकदा माझ्या हातून गेलाय.

ऑपरेटर काका तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला त्यांनी जाताना लोहचुंबक दिलं. यू आकाराची काच अजून भिंतीवर आहे, माझा सेन्सर तिच्यापासून हातभर अंतरावर. सकाळी सातला तो काडी वाचतो, खाली ओढतो, आणि त्याच मिनिटाला माझ्या यंत्रणेचा नवा दिवस सुरू होतो. रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायची पद्धत काकांनी पाडली. कालचे होते −१६.५ आणि −१६.३.